डच आर्किटेक्टचं तळघर

आम्ही राहतो त्या आल्मेरे गावात जुनं असं काही नाही. सासूबाई शाळेत जात होत्या तेव्हा इथे पाणी होतं. मग डच लोकांनी ते उपसून टाकलं, खालून जमीन निघाली, तिच्यावर रस्ते आखले आणि एकसारखी घरं ओळीने उभी केली. त्यामुळे पहिल्या लॉकडाऊनमध्ये विमानं बंद होऊन सासूबाई आमच्याकडे अडकल्या, तेव्हा गावातली सर्वांत पुरातन वास्तू आमच्याच घरात होती. हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं. तो हसला आणि लगेच त्यांच्या खोलीकडे बघून मला हळू बोलायची खूण केली.

अशा या गावात बसून अस्सल जुनं डच घर कसं असतं हे मी अमेरिकन लोकांना शिकवलं. कसं ते सांगते.

मी पुण्यात आर्किटेक्ट होते. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसाला लटकून इथे आले आणि खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कागदोपत्री ‘जोडीदार’ झाले. मुलगी झाली, तिची शाळा सुरू झाली, डच भाषेचे वर्ग झाले, अर्ज झाले, नकार झाले. ‘तुमचा इथला अनुभव काय?’ असं प्रत्येक जण विचारायचा, आणि अनुभव मिळावा म्हणून कामाला कुणी ठेवायचा नाही. आर्किटेक्टच्या नकाशाला खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. नकाशा ज्याने काढला, त्याचं नाव तिच्यात येतं. बाकी कुणाला तिचं काही वाटत नसेल, पण मला त्या चौकटीची भूक लागली होती. इतकी वर्षं मी त्या चौकटीत नव्हते आणि आता मला तिच्यात परत जायचं होतं. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

लॉकडाऊन लागला आणि घराच्या वाटण्या झाल्या. नवऱ्याचं आगगाडीने ॲमस्टरडॅमला जाणं बंद झालं आणि त्याचं ऑफिस वरच्या खोलीत आलं, दाराला कडी लावून. मुलीची शाळा तिच्या खोलीत भरली. तिसरी खोली सासूबाईंची. मला जेवणाचं टेबल मिळालं, पण जेवायच्या वेळा सोडून, आणि आमच्याकडे जेवायच्या वेळा कधी संपतच नाहीत. शेवटी मी जिन्याखालचं कपाट रिकामं केलं. इथल्या घरांत जिना शिडीसारखा उभा असतो आणि त्याच्या पोटात व्हॅक्यूम क्लीनर ठेवायची एक तिरकी जागा असते. तिथे इस्त्रीचं टेबल घातलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि दिवा टांगला. नवरा खाली चहाला आला की कौतुकाने म्हणायचा, “अरे वा, तुझं पण वर्क फ्रॉम होम!” त्याला उत्तर देण्यासाठी मान वर करावी लागायची आणि मान वर केली की डोकं पायरीला आपटायचं. म्हणून मी उत्तर देत नसे.

त्याच कपाटात मला ते काम सापडलं. अमेरिकेत हडसन नदीच्या खोऱ्यात एक जुनं दगडी घर आहे. तिथे पहिल्यांदा गेलेल्या डच वसाहतवाल्यांच्या वंशजांनी ते बांधलं. आता ते छोटंसं संग्रहालय आहे आणि गावातल्या निवृत्त मंडळींची समिती ते चालवते. साथीमुळे संग्रहालयाला टाळं लागलं होतं. लोकांना घरबसल्या आत फिरता यावं म्हणून समितीला घराचा डिजिटल नमुना करून हवा होता. मोजमापं होती, फोटो होते, करणारं माणूस हवं होतं, आणि घर डच असल्यामुळे ते माणूस शक्यतो नेदरलँड्समधलं हवं होतं. मी नेदरलँड्समध्ये होते, आणि जिन्याखाली का होईना, पण होते. अर्ज केला आणि होकार आला. ‘पहिल्या पडद्यावर आपलं नाव देऊ’, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या दिवशी मी शिरा केला.

पहिल्या व्हिडिओ कॉलला समिती पूर्ण हजर होती. अध्यक्ष हे ऐंशीच्या घरातले गोड आजोबा होते. त्यांचा कॅमेरा नेहमी छताकडे असे, त्यामुळे मला त्यांची फक्त भुवई आणि वरचा पंखा दिसायचा. सेक्रेटरी म्हणून एक नीटनेटक्या बाई होत्या. आजोबांनी माझी ओळख करून द्यायला घेतली.

“या आपल्या डच आर्किटेक्ट,” ते म्हणाले. “अशाच घरांत लहानाच्या मोठ्या झाल्या. हल्लीचे डच सगळ्या रंगांचे असतात, मला फार आवडतं. आपलं घर त्या रक्ताच्या नात्याने ओळखतील.”

आता इथे कुणीही दुसरी बाई म्हणाली असती, माफ करा, मी पुण्याची. पण ऐंशी वर्षांचा माणूस चार लोकांसमोर आपलं कौतुक करतोय आणि आपण मध्येच त्याला खोटं पाडायचं, हे माझ्या जिभेला जमेना. वडीलधाऱ्यांना चारचौघांत दुरुस्त करायचं नाही, मागाहून बाजूला घेऊन हळूच सांगायचं, हे आमच्या हाडीमासी रुजलेलं. व्हिडिओ कॉलमध्ये बाजूला कसं घेतात ते मला माहीत नव्हतं. मी हसले. त्यांनी ते हसू विनय म्हणून घेतलं. दुसऱ्या कॉलला मी धीर करून म्हणाले, “खरं तर मी मूळची भारतातली.” त्यावर सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “किती सुंदर! डच लोक केवढे फिरतात ना!” आणि विषय दाराच्या बिजागऱ्यांवर गेला.

ते घर मात्र खरंच देखणं होतं. जाड दगडी भिंती, वर उतरतं उंच छप्पर, वळचणीपाशी किंचित बाहेर वळलेलं. दारासमोर ओटा, ओट्यावर समोरासमोर दोन बाकं. पुढचं दार मधोमध आडवं कापलेलं. वरचा भाग उघडा टाकायचा म्हणजे वारा येतो आणि गप्पा मारता येतात, खालचा लावून घ्यायचा म्हणजे कोंबड्या बाहेर राहतात आणि पोरं आत. आत शिरल्यावर डोक्यावरून आडव्या जाणाऱ्या धिप्पाड तुळया, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या आणि मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. घर धडधाकट आहे हे पाहुण्यांना दिसावं म्हणून. चुलीला बाजूच्या भिंती नाहीतच. मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर विस्तव, आणि वर छतापासून खाली उतरलेलं धुराड्याचं तोंड, त्याच्या कडेला कापडाची झालर. वर माळा, धान्य साठवायला. बांधणाऱ्यांच्या वाडवडिलांनी एवढा समुद्र ओलांडला, पण घर बांधताना यांनी मूळ गावचंच बांधलं. परदेशात माणूस काय काय धरून ठेवतो ते मला कळत होतं. माझ्या बॅगेत पोळपाट होता.

नमुना हळूहळू उभा राहू लागला. सासूबाईंना करमत नव्हतं म्हणून त्या बुटकं स्टूल घेऊन कपाटाच्या तोंडाशी येऊन बसत आणि पडद्यावरच्या घराची तपासणी करत.

“चूल कुठल्या दिशेला आहे गं?”

“ईशान्येला, आई.”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “कुणी उरलं नाही बघ त्या घरात. संग्रहालय झालं.”

आमचं स्वतःचं घरही त्यांना पसंत नव्हतं, कारण इथल्या पद्धतीप्रमाणे पुढचं दार उघडलं की पहिल्यांदा संडास लागतो. त्या मानाने अमेरिकेतलं घर त्यांना बरं वाटायचं. तिथे संडासच नव्हता.

समितीकडून दर आठवड्याला प्रश्न यायचे. ‘अस्सल डच घरात बाकांवर कोण बसे?’ मी उत्तर शोधायला बाहेर गेले तर संग्रहालयं बंद, वाचनालय बंद. पण आमच्या ओळीतले सगळे शेजारी पुढच्या दाराशी बाकं मांडून, दीड मीटर अंतर राखून, एकमेकांशी ओरडून बोलत कॉफी पीत होते. इतक्या वर्षांत ज्यांनी मला नुसतं ‘हालो’ म्हटलं होतं ते साथीच्या कृपेने तासतासभर बोलायला लागले. मी समितीला लिहिलं की बाकांवर घरचे बसत आणि समोरच्या बाकावर शेजारी, आणि आत कुणी कुणाला बोलवत नसे. समिती खूश. ‘हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही’, असं आजोबांनी लिहिलं.

मग बादलीचं झालं. मोकळ्या ओट्याची मोजमापं नजरेत भरावीत म्हणून मी नमुन्यात दाराजवळ एक पाण्याची बादली आणि तिच्यावर एक ओगराळं ठेवलं. हात आपोआप तिकडे गेला. बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात यायचं असतं, मग दाराशी पाणी नको का? मला त्यात काही वावगं वाटलं नाही, सासूबाईंना तर अजिबात नाही. पुढच्या कॉलला सेक्रेटरीबाईंनी ती बादली मोठी करून सगळ्यांना दाखवली. “बघा डच स्वच्छता! पाय धुतल्याशिवाय घरात प्रवेश नाही!” मी दचकून म्हणाले की ती फक्त मापाला ठेवलीय, काढून टाकते. “अजिबात नाही,” आजोबा म्हणाले, “हात धुवा, हात धुवा म्हणून सरकार घसा फोडतंय. लोकांना कळू दे, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच केलंय.” बादलीखाली दोन ओळींची माहिती आली. पुरावा कुणी मागितला नाही. डच बाईने ठेवली ना, मग असणारच.

शेवटी तळघर राहिलं होतं. समितीच्या जुन्या नकाशात त्याच्यावर लिहिलं होतं, ‘कंदमुळांची साठवण’. फोटो अंधारे होते. मी त्यांचा उजेड वाढवून बघायला लागले. ओट्याच्या बाजूने खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. आत वाकून चालावं लागेल एवढं ठेंगणं छत. एका भिंतीला भलीमोठी चूल, वरच्या मजल्यावरच्या झालरवाल्या चुलीपेक्षा खूप मोठी. वरच्या खोलीतल्या तुळया मधाच्या रंगाच्या होत्या. इथल्या तुळया काळ्याकुट्ट, वर्षानुवर्षांच्या धुराने माखलेल्या. भिंतीत एक कोनाडा, त्याच्या वरच्या दगडावर दिव्याची काजळी. कोपऱ्यात भिंतीला लागून लाकडी फळ्यांचं एक लांब बाक, माणूस आडवा होईल एवढं.

बटाट्यांना दिवा लागत नाही. कांद्यांना निजायला फळी लागत नाही. कुठल्याही आर्किटेक्टला पाच मिनिटांत दिसेल अशी गोष्ट होती ती, आणि त्यावर कंदमुळं लिहून मंडळी मोकळी झाली होती.

समितीच्या माहितीपत्रकात एक वाक्य होतं, ‘या घरात कुटुंब व इतर राहत असत.’ मी कॉलमध्ये विचारलं, “इतर म्हणजे कोण?”

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारशी माहिती नाही.”

“गुलाम होते का?”

“त्या काळी त्या खोऱ्यात बऱ्याच घरांत होते,” आजोबांची भुवई म्हणाली. “पण डच कुटुंबं त्यांना फार चांगलं वागवत असं आम्ही ऐकत आलोय. आणि तळघर म्हणजे साठवण, हे तर पहिल्यापासून आहे.”

“ते बरोबर नाही,” मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं यावर माझाच विश्वास बसेना. मी अख्ख्या आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत असं म्हटलं नव्हतं. आता थांबणंही जमेना. मी माझी स्क्रीन शेअर केली आणि चूल दाखवली, काळ्या तुळया दाखवल्या, कोनाडा दाखवला, फळी दाखवली. म्हणाले, “हे घराचं खरं स्वयंपाकघर आहे. वर पाहुण्यांसाठी विस्तव, खाली रांधणं. जी माणसं रांधत होती ती इथेच राहत होती आणि इथेच झोपत होती. याला साठवण म्हणणं खोटं आहे. मी साठवण लिहिणार नाही.”

मला वाटलं, गेलं काम. क्षणभराने आजोबा खो खो हसायला लागले. “याला म्हणतात डच स्पष्टवक्तेपणा! ऐकलंत ना? तोंडावर! हेच तर हवं होतं आपल्याला!” सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथल्या तिथे ठराव झाला की डच तज्ज्ञाच्या मताप्रमाणे तळघराची माहिती बदलावी. मी वाक्य लिहून दिलं: ‘हे स्वयंपाकघर होतं. या घराने विकत घेतलेली माणसं इथे रांधत, राहत आणि झोपत. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.’

कपाटातून बाहेर आले तर सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या. इंग्रजी फार कळत नसलं तरी सूर कळला होता.

“मोठ्या माणसांशी असं बोलतात?”

“इथे चालतं, आई.”

“तुला चालतं का?” असं म्हणून त्या आत गेल्या.

त्यांचा प्रश्न चोख होता. मला नव्हतं चालत, डच बाईला चालत होतं. त्या दिवशी ती बाई म्हणजे मीच आहे असं वाटून मी घरभर मिरवले. नवऱ्याने ऑफिसची कडी लावली तर दार ठोठावून सांगितलं की उद्यापासून दुपारी ही खोली माझी. तो बिचारा इतका दचकला की हो म्हणाला.

नमुना पूर्ण झाला आणि पहिल्या पडद्यासाठी सेक्रेटरीबाईंनी माझं नाव आणि थोडी माहिती मागवली. मी आनंदाने लिहिलं. नाव, पुण्यातलं कॉलेज, तिथलं काम, लग्नानंतर नेदरलँड्स. पाच ओळी. त्या लिहायला मला अख्खी सकाळ लागली, कारण प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा वाचावासा वाटत होता.

उत्तर फार सभ्य होतं. समितीला अतिशय आनंद झाला आहे. मात्र तळघराबद्दलचं मत हे डच परंपरेत वाढलेल्या जाणकाराचं म्हणून मान्य करण्यात आलं होतं. नव्या माहितीच्या उजेडात ते एखाद्या योग्य तज्ज्ञाकडून तपासून घेणं श्रेयस्कर. तोवर तळघराच्या पायऱ्या बंद ठेवाव्यात, त्या उंच असून पाहुण्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पडद्यावरच्या पायऱ्या! घरात सोफ्यावर बसून एका बोटाने उतरायच्या पायऱ्या! मी उलट लिहिलं, ‘मी पुण्याची निघाले म्हणून तुळयांवरची काजळी पुसली गेली का?’ आणि हेही लिहिलं की तपासायचंच असेल तर बादली तपासा, ती आमच्याकडची आहे. बादलीबद्दल कुणी काही बोललं नाही. तिच्याखालची माहिती एव्हाना नव्या माहितीपत्रकासाठी छापखान्यात गेली होती.

आजोबांनी मात्र फोन केला, एकट्याने. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. “मी तुझ्या बाजूने आहे,” ते म्हणाले. “तू म्हणतेस ते खरं आहे हे मलाही दिसतंय. पण बाकीच्यांना हे तळघर नकोच होतं, त्यांना निमित्त मिळालं. आता ऐक. तळघराचा ठराव झालेला आहे, सेक्रेटरीबाईंचं पत्र म्हणजे नवा ठराव नव्हे. नवीन काही कागदावर आलं नाही तर तो पुन्हा उघडायची गरज नाही. तू पाठवलेलं नाव आणि माहिती पडद्यावर आली, तर ते नवीन ठरतं आणि फेरमतदान होतं. त्यात आपण हरू. पहिल्या पडद्यावर नुसतं ‘डच आर्किटेक्ट’ असं राहिलं, तर तळघर उघडं राहील.”

मी म्हणाले, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि रडले. रागाने रडले. एक चौकट मागितली होती, तीही यांना तळघराच्या बदल्यात हवी होती.

जेवताना सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, “नाव घे. तीनशे वर्षांपूर्वीची माणसं, ना आपल्या नात्यातली ना गोत्यातली. तुला इथे पुढची नोकरी त्या नावावर मिळेल.” त्याचं चूक नव्हतं. मीही मनात तेच म्हणत होते. मुलगी डचमध्ये काहीतरी पुटपुटली आणि ताट घेऊन उठली.

सासूबाई ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “एक मात्र आहे हो. आपल्याकडे असलं नव्हतं. आपण कधी कुणाला तळघरात ठेवलं नाही. आमच्याकडे कामाला यायची ती बाई मागच्या दाराने यायची, तिचा कप वेगळा, बाहेरच्या फळीवर पालथा. पण वागवायचो कसं, घरच्यासारखं.”

“नाव काय होतं त्यांचं?” मी विचारलं.

सासूबाईंनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. “आम्ही बाई म्हणायचो,” त्या म्हणाल्या, “वर्षानुवर्षं होती, चांगली होती हो.” आणि त्यांनी माझ्या पानात भात वाढला.

मी तो भात खाल्ला. नवरा आणखी काय काय सांगत होता, पण माझं लक्ष त्या पालथ्या कपाकडे होतं. हडसनकाठची मंडळी काही वेगळ्या मातीची नव्हती. घरच्यासारखं वागवायचो, हे त्यांचंही म्हणणं होतं, अगदी याच समाधानाने. माझं नाव त्या पडद्यावर झळकलं असतं आणि खाली पायऱ्यांना दोरी लागली असती, तर ते नाव वाचायला मला मजा आली नसती. आली असती असं वाटून घ्यायचा मी बराच प्रयत्न केला. मग आजोबांना कळवलं की नाव नको. निदान ‘नेदरलँड्समध्ये राहणारी आर्किटेक्ट’ असं लिहा, अशी विनंती केली. सेक्रेटरीबाईंनी जागा कमी म्हणून ते ‘एक डच आर्किटेक्ट’ केलं.

संग्रहालयाचं ऑनलाइन उद्घाटन झालं, लोकांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं पाठवली. नोकरीच्या अर्जात हे काम दाखवायला गेले की समोरचे विचारायचे, यात तुमचं नाव कुठे आहे? मी म्हणायचे, तिथल्या समितीला विचारा. कोण विचारतंय?

हिवाळ्यात शाळा पुन्हा बंद झाल्या. सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या आणि त्यांची खोली मला मिळाली होती. मुलीच्या वर्गात डच लोक बोटींतून अमेरिकेला गेले तो धडा चालला होता. तिने मला न विचारता बाईंना त्या घराची लिंक पाठवली. मी दूध घेऊन तिच्या खोलीत गेले तर सगळा वर्ग ओट्यावर उभा होता. बाई स्क्रीन शेअर करून अर्ध्या दाराचा वरचा भाग उघडत होत्या, मुलं हसत होती.

मुलीने माइक चालू केला आणि डचमध्ये म्हणाली, “हे माझ्या आईने केलंय.”

बाई थांबल्या. मागे जाऊन पहिला पडदा उघडला. वाचला. त्या मायाळू होत्या, मुलांना दुखवायच्या नाहीत.

“तुझ्या आईने मदत केली असेल, हो ना? किती छान! पण बघ, इथे लिहिलंय. एका डच आर्किटेक्टने केलंय.”

मुलीने माइक बंद केला. माझ्याकडे वळली. ही पोर मराठी सगळं समजते आणि मराठीत एक शब्द बोलत नाही, सासूबाई जाईपर्यंत तिच्या मागे लागून थकल्या. आता तिने मराठीतच विचारलं, “आई, तू तुझं नाव का नाही लिहिलं?”

मी कॅमेऱ्यात डोकावले असते तर संपलं असतं. बाईंना हसून सांगितलं असतं, मीच ती, पुण्याची. बाईंनी माफी मागितली असती, मुलांनी हात हलवले असते. मी दुधाचा पेला टेबलावर ठेवला आणि एक पाऊल पुढेही टाकलं. पण वर्ग तोवर ओट्याला वळसा घालून पायऱ्यांपाशी आला होता आणि बाई एकेक पायरी खाली उतरत होत्या. अंधार झाला. मग चूल दिसली, काळ्या तुळया दिसल्या, भिंतीजवळची फळी दिसली.

“इथे कोण झोपायचं?” वर्गातल्या कुणीतरी विचारलं.

बाईंनी खालची ओळ मोठी केली आणि इंग्रजीचं डच करत, अडखळत, ती शेवटपर्यंत वाचली. वाचून झाल्यावर त्या लगेच वर गेल्या नाहीत. पडद्यावरच्या चौकटींतली मुलं ती फळी बघत होती.

माझ्या मुलीने पुन्हा माइक चालू केला नाही.